अंगणातील विश्व आणि मनातील विश्व



चित्रकलेच्या तासाला ‘एक देखावा काढा’ असे सांगितले की, वर्गातील बहुतेक वह्यांवर एकच देखावा अवतरतो. दोन त्रिकोणी डोंगर, त्यांच्या मधोमध अर्धा सूर्य, पायथ्यापासून निघालेली नागमोडी नदी, तिच्या काठी नारळाचे झाड आणि एक झोपडी. हा देखावा आपल्या गोंदिया जिल्ह्यात कोठे पाहावयास सापडतो? आपल्याकडे धानाच्या बांध्या आहेत, बोड्या व तलाव आहेत, मोह, पळस व तेंदू आहेत; परंतु नदीकाठी नारळ मात्र नाही. मग तो नारळ आला कोठून? तो दुसऱ्याच्या चित्रातून आला. ज्याने तो प्रथम काढला, त्याने कदाचित तो डोळ्यांनी पाहिला असेल. आपण मात्र तो पाहिलाही नाही आणि कल्पिलाही नाही, केवळ उतरवून घेतला.

यावरून एक विचार सुचतो व तोच या पाठाचा विषय आहे. चित्र, गोष्ट अथवा नाटक रचणाऱ्यापाशी दोन भांडारे असतात. एक डोळ्यांपुढील जगाचे. त्यात घर, शेत, गुरेढोरे, बाजार व माणसे येतात. दुसरे मनातील जगाचे. त्यात जे दिसत नाही, परंतु असावेसे वाटते, ज्याची भीती वाटते किंवा ज्याची आजीने गोष्ट सांगितली, ते सारे येते. पहिल्यालाच चिकटून राहिले तर हाती केवळ नक्कल लागते. दुसऱ्यातच रमले तर चित्र वाऱ्यावर उडते, त्याला जमीन राहत नाही. ज्या ठिकाणी ही दोन्ही भांडारे एकमेकांत मिसळतात, तेथे उत्तम कला जन्मास येते. हे मिसळणे कसे घडते, ते आपण आपल्या जवळपासच्या व आपल्या महाराष्ट्रातील उदाहरणांवरून पाहू.

प्रथम अगदी घरचे उदाहरण घेऊ. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आपल्या विदर्भात तान्हा पोळा भरतो. मुले लाकडाचे बैल सजवून मिरवितात. त्या बैलाच्या पायांना चाके असतात, हे काय मुलाला ठाऊक नसते? ठाऊक असते. तरीही तो त्याला झूल घालतो आणि घरोघर घेऊन जातो. आदल्या दिवशी वडिलांनी खऱ्या बैलाला जे केले, तेच तो लाकडाच्या बैलाला करतो. त्या बालकाने दोन्ही जगे एका दोरीने बांधली, आणि ती दोरी त्याच्या हातात आहे. दिवाळीनंतर गावोगावी मंडई भरते व आपल्या झाडीपट्टीतील दंडार रंगते, तेव्हाही असेच घडते. काल बांधीत राबणारा मनुष्य आज राजा होतो. मुकुट कागदाचा असतो, परंतु बोली मात्र त्याच्या घरचीच असते. प्रेक्षकाला राजाही दिसतो आणि ओळखीचा शेजारीही दिसतो. दोन्ही एकाच वेळी दिसतात म्हणूनच त्याला रात्रभर झोप येत नाही.

आता चित्रकलेकडे वळू. ठाणे जिल्ह्याच्या उत्तर भागात, म्हणजे २०१४ पासून ज्यास पालघर जिल्हा म्हणतात त्या प्रदेशात, वारली लोक राहतात. त्यांच्या घरी लग्न निघाले की, भिंत शेणामातीने सारवून तिजवर गेरूचा हात देतात आणि तांदळाच्या पिठात पाणी कालवून पांढऱ्या रंगाने विवाहाचा चौक लिहितात. कुंचला म्हणजे टोक ठेचलेली बांबूची काडी. सवाशिणी हा चौक लिहितात. चौकाच्या मध्यभागी पालघाट देवी असते आणि भोवती झाडे, पशुपक्षी, नाचणारी व काम करणारी माणसे असतात. मनुष्य म्हणजे टोकाला टोक लावलेले दोन त्रिकोण व वर एक वर्तुळ. एवढ्या अल्प सामग्रीत तो वाकतो, धावतो, तारपा वाजवितो. येथे देवी कोठे दूर आकाशात बसलेली नाही. ज्या भिंतीजवळ कणगी उभी आहे, त्याच भिंतीवर ती आहे; आणि तिचा रंगही कणगीतील तांदळाचाच आहे. आपणही धान पिकविणारे लोक आहोत. तेव्हा ही गोष्ट आपल्याला विशेष उमगावी.

याच समाजातील जिव्या सोमा मशे यांचा जन्म १९३४ साली झाला. लहानपणी मातृवियोग झाल्यावर त्यांची वाचा बंद झाली आणि पुष्कळ काळ ते धुळीत चित्रे रेखाटूनच आपले मनोगत कळवीत, असे त्यांच्याविषयी सांगितले जाते. विवाहाचा चौक लिहिणे हे स्त्रियांचे काम. परंतु मशे यांनी विवाहाचे निमित्त नसतानाही, रोजच्या जीवनातील प्रसंग कागदावर व कापडावर रंगविण्यास प्रारंभ केला. १९७६ साली त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, २०११ साली पद्मश्री मिळाली आणि २०१८ साली त्यांचे देहावसान झाले. मासे धरण्याचे जाळे हा त्यांचा आवडता विषय. जाळे म्हणजे नित्याची वस्तू. परंतु त्यांच्या चित्रात ते पसरत पसरत इतके मोठे होते की, बारीक रेषांच्या त्या लाटेपुढे मनुष्य लहानसा दिसू लागतो. जाळ्याचा एकेक पेड खरा आहे, आणि जाळ्याची विशालता कल्पनेची आहे. त्यांनी जाळे सोडून दुसरे काही आणले नाही. जाळ्याकडेच इतका वेळ पाहिले की त्यातून दुसरे जग निघाले.

दुसरे उदाहरण आपल्याला अधिक जवळचे आहे. आपल्या जिल्ह्याच्या उत्तरेस मध्य प्रदेश लागतो. तेथे मैकल डोंगराच्या परिसरात, दिंडोरी जिल्ह्यात, पाटनगढ नावाचे खेडे आहे. तेथील परधान गोंड हे पिढ्यान् पिढ्या गायक व कथेकरी. बाना नावाचे तंतुवाद्य वाजवून ते आपल्या गोंड यजमानांच्या घरी बडादेवाची व जुन्या राजांची गाणी गात. म्हणजे त्यांच्या देवांना व वीरांना स्वर होता, शब्द होता. परंतु चित्र बहुधा नव्हते. भिंतीवर व जमिनीवर स्त्रिया ‘डिगना’ नावाच्या आकृती काढीत, त्या शोभेच्या व मंगल हेतूच्या.

त्या गावी जनगढ सिंह श्याम नावाचा तरुण होता. भोपाळ येथे भारत भवन ही कलासंस्था उभी राहत असता, तिच्या संग्रहालयासाठी चित्रकार जगदीश स्वामीनाथन यांनी खेडोपाडी माणसे पाठविली होती. १९८१ साली त्यांच्यापैकी काहींच्या दृष्टीस जनगढ यांनी रंगविलेली भिंत पडली. त्यांना भोपाळला बोलावण्यात आले. १९८२ च्या फेब्रुवारीत भारत भवन उघडले आणि या खेडूत तरुणाची चित्रे तेथे लागली. पूर्वजांनी जे गायिले, ते जनगढ यांनी रंगविले. ज्या देवतांना तोवर रूप नव्हते, त्यांना रूप दिले. परंतु हे रूप त्यांनी कोठून आणले? रानातून आणले. हरिणाची शिंगे वाढत वाढत झाडाच्या फांद्या होतात; सापाची वळणे नदीसारखी वाहतात; आणि प्रत्येक अंग ठिपक्यांनी व बारीक रेघांनी असे भरलेले असते की जणू त्यात काहीतरी हालत आहे. हरिणाच्या शिंगांना फांद्यांचे साम्य आहेच. त्यांनी ते केवळ एक पाऊल पुढे नेले. म्हणूनच ते पाहणाऱ्याला खोटे वाटत नाही. १९८९ साली पॅरिस येथील ‘पृथ्वीवरील जादूगार’ अशा नावाच्या प्रदर्शनात त्यांची चित्रे मांडली गेली. त्यांच्या शैलीस पुढे ‘जनगढ कलम’ असे नाव मिळाले आणि गावातील कितीतरी भाऊबंद त्यांच्या हाताखाली शिकून चित्रकार झाले.

त्या शिष्यांपैकी एक भज्जू श्याम. हे जनगढ यांचे पुतणे. भोपाळला येऊन त्यांनी रात्रीचा पहारा केला, विजेची कामे केली, आणि मग काकांच्या हाताखाली रंग भरू लागले. २००२ साली लंडन शहरातील एका भारतीय उपाहारगृहाच्या भिंती रंगविण्यासाठी त्यांना बोलावणे आले. रानातील खेड्यातून निघालेला मनुष्य जगातील एका अवाढव्य नगरात जाऊन उतरला. दुसरा कोणी असता तर त्याने लंडनच्या इमारती हुबेहूब काढल्या असत्या, किंवा लंडनकडे पाठ फिरवून पुन्हा हरिणेच काढली असती. भज्जू यांनी दोन्ही केले नाही. त्यांनी लंडनलाच रान करून टाकले.

त्यांच्या चित्रांत विमान आकाशात चढते ते पंख फुटलेल्या हत्तीसारखे. कारण एवढे जड धूड उडावे हे हत्ती उडण्याइतकेच आश्चर्याचे. ते ज्या ३० क्रमांकाच्या बसने रोज कामाला जात, ती झाली कुत्रा; कारण परक्या शहरात तीच एक त्यांना न चुकता पोहोचवी, इमानी कुत्र्यासारखी. लंडनचे प्रसिद्ध मोठे घड्याळ व गावाकडील कोंबडा यांचे मिळून एकच शरीर झाले; कारण दोघांचेही काम वेळ सांगणे हेच. आणि इंग्रज लोक दिवसभर कामात मुकाट असतात व सायंकाळी बाहेर पडून गजबज करतात, हे पाहून त्यांनी त्यांना वटवाघळे केले! २००४ साली ही चित्रे ‘द लंडन जंगल बुक’ या नावाने ग्रंथरूपाने निघाली. २०१८ साली भज्जू श्याम यांना पद्मश्री मिळाली.

या नावातील गंमत आपण गोंदियाच्या लोकांनी तरी चुकवू नये. रुडयार्ड किपलिंग या इंग्रज लेखकाचे ‘द जंगल बुक’ १८९४ साली प्रसिद्ध झाले. त्यातील मोगली, बघीरा व शेरखान यांचे रान म्हणजे सिवनीचे रान; बालाघाट ओलांडले की ते लागते. इंग्रजाने आपल्या शेजारच्या रानात आपली कल्पना सोडली, आणि बरोबर एकशे दहा वर्षांनी त्याच मुलखाकडील एका गोंड चित्रकाराने इंग्रजांच्या राजधानीत आपली कल्पना सोडली. पाहुण्याचे ऋण सव्याज फेडले म्हणावयाचे! एवढे दिवस दुसरे लोक आपल्याकडे पाहून चित्रे काढीत व आपण ती पाहत होतो. भज्जूंनी दाखवून दिले की, पाहण्याचा अधिकार आपल्यालाही आहे.

आता या उदाहरणांतून आपल्या उपयोगाचे नियम काढू.

पहिला नियम असा की, दोन जगांचा सांधा खऱ्या नात्याने जुळावा. बस आणि कुत्रा यांचे रूप मिळत नाही, परंतु वागणूक मिळते. घड्याळ व कोंबडा यांचे काम मिळते. नुसते बैलाला पंख लावले म्हणजे कल्पना झाली असे नव्हे. बैलाला पंख का? या प्रश्नाचे उत्तर काढणाऱ्यापाशी असले पाहिजे. म्हणून एखादी वस्तू पाहताना ‘ही कशी दिसते?’ एवढेच विचारू नका. ‘ही काय करते? माझ्या घरात, माझ्या गावात हेच काम दुसरे कोण करते?’ असे विचारा. उत्तर मिळाले की चित्र अर्धे झाले.

दुसरा नियम असा की, कल्पना जितकी दूर न्यावयाची, तितके निरीक्षण काटेकोर असावे. वेल उंच चढावी तर मांडव पक्का हवा. आपल्या जिल्ह्याचे भूषण जो सारस पक्षी, तो घ्या. महाराष्ट्रात तो आता मुख्यत्वे आपल्याच भागात उरला आहे. सारसाला तुम्ही गावाचा राखणदार करा, पावसाचा दूत करा, पण आधी त्याची लाल मान व डोके, करडे अंग, लांब पाय नीट पाहा. तो उभ्या धानाच्या बांधीत घरटे करतो, जोडीने वावरतो, मान वर करून साद घालतो, हे ध्यानात घ्या. ज्याने सारस पाहिलाच नाही, त्याचा कल्पित सारस बगळा होतो.

तिसरा नियम साधनांचा. महाग रंग नाहीत म्हणून चित्र अडत नाही. वारल्यांना पीठ, गेरू व बांबूची काडी पुरली. आपल्या घरी चुना आहे, कोळसा आहे, काजळ आहे, पळसाच्या फुलांचा केशरी रंग आहे. एका रंगात काम करावयास लागले म्हणजे रेषेचे मोल कळते.

चौथा नियम सर्वांत महत्त्वाचा. दुसऱ्याची रीत शिकावी, दुसऱ्याचा हात चोरू नये. हल्ली वारली माणसे पिशव्यांवर, कपांवर, भिंतींवर जागोजागी छापलेली दिसतात. त्यांपैकी पुष्कळांवर ना लग्न असते, ना देवी, ना जाळे. नुसते त्रिकोण असतात. ज्यांनी हे त्रिकोण पिढ्यान् पिढ्या जपले, त्यांच्या नावाचाही तेथे उल्लेख नसतो. जनगढ यांच्या गावातील जाणते चित्रकार तर एकमेकांचे ठिपकेही घेत नाहीत. प्रत्येकाची भरण्याची खूण निराळी, आणि जाणकार त्या खुणेवरून चित्रकार ओळखतो. तेव्हा तुम्ही वारली किंवा गोंड चित्र अभ्यासासाठी अवश्य उतरवून पाहा, खाली ते कोणत्या परंपरेचे आहे ते लिहा, आणि नंतर वही मिटून आपली स्वतःची खूण शोधा. ती धानाच्या लोंबीची असेल, चटईच्या विणीची असेल, तलावावरील लाटेची असेल. तुमच्यापैकी जे विद्यार्थी स्वतः गोंड घरातील आहेत, त्यांनी तर आपल्या आजीआजोबांपाशी बसून प्रथम गोष्टी ऐकाव्या. सालेकसा तालुक्यातील कचारगडच्या गुहांकडे माघ पौर्णिमेच्या सुमारास दूरदूरचे गोंड बांधव का येतात, हे त्यांनी घरीच विचारावे. तुमच्या घरी असलेले भांडार वर्गातील दुसऱ्या कोणापाशी नाही. त्याची लाज वाटू देऊ नका. ते तुमचे वतन आहे.

येथे पालकांशीही दोन शब्द बोलणे अगत्याचे आहे. ‘चित्रे काढून पोट भरते काय?’ हा प्रश्न आपण विचारता तो मुलावरील मायेपोटीच, आणि त्याची थट्टा करणे योग्य नव्हे. भज्जू श्याम यांना रात्रीचा पहारा करावा लागला, हे आपण पाहिलेच. जनगढ सिंह श्याम यांची कहाणी तर अधिक हृदयद्रावक आहे. एवढी कीर्ती मिळवूनही, २००१ साली जपानमधील एका संग्रहालयासाठी काम करीत असता, घरापासून हजारो कोस दूर त्यांचा अंत झाला. वयाची चाळिशीही उलटली नव्हती. कीर्ती म्हणजे आधार नव्हे, हे त्यावरून समजते. कलावंताला प्रशंसेइतकीच योग्य मोबदल्याची, आप्तांच्या सहवासाची व आपल्या माणसांत परत येण्याची गरज असते. यास्तव, आपल्या मुलाला चित्रांचा नाद लागला तर त्याला त्याबरोबर शिक्षणही पुरे करू द्या, हिशेब शिकवा, करार वाचावयास शिकवा. पण त्याची वही मात्र चुलीत घालू नका.

आणि प्रत्येक मुलाने चित्रकारच व्हावे, असा या पाठाचा आग्रह नाही. शेतकरी, परिचारिका, शिक्षक, यंत्रज्ञ, कोणीही व्हा. परंतु ज्याला बसमध्ये इमानी कुत्रा दिसतो, त्याला परक्या गावी एकटे वाटत नाही. ज्याला जाळ्याच्या पेडात समुद्र दिसतो, त्याला रोजचे काम कंटाळवाणे होत नाही. आपले गाव क्षुद्र, आपली बोली गावंढळ, सुंदर ते सर्व दुसरीकडे, ही समजूत मनुष्याला आतून दुबळी करते. वहीतील तो परका नारळ याच समजुतीचे फळ होय. जो आपल्या अंगणाकडे कल्पनेच्या डोळ्यांनी पाहावयास शिकतो, त्याच्या मनातून ही समजूत आपोआप गळून पडते.

शेवटी अभ्यास देतो. सुट्टीत पुढीलपैकी कोणताही एक विषय घेऊन चित्र काढावे किंवा एक पानभर गोष्ट लिहावी.

१. गोंदिया रेल्वे स्थानकावर उभी असलेली गाडी हा कोणता प्राणी आहे? का?

२. रोवणीच्या दिवशी बांधीत उतरलेल्या बायांना धानाची रोपे बोलू लागली, तर ती काय म्हणतील?

३. उन्हाळ्यात आटलेल्या तलावाच्या तळाशी कोण राहत असेल?

४. गिरणी, पाण्याचा पंप, चूल, सायकल यांपैकी एका वस्तूचा तुमच्या घरातील एखाद्या व्यक्तीशी संबंध जोडा.

प्रत्येक चित्राखाली दोन ओळी लिहाव्या. पहिल्या ओळीत ‘मी हे पाहिले’ आणि दुसऱ्या ओळीत ‘मी हे कल्पिले’. दोन्ही ओळी प्रामाणिकपणे लिहिता आल्या तर पाठ समजला असे जाणावे. पहिली ओळ रिकामी राहिली तर बाहेर जाऊन पुन्हा पाहावे. दुसरी रिकामी राहिली तर आजीजवळ जाऊन बसावे.